दलदलीतल्या बुजऱ्या पक्ष्यांची कॅनूतून गणना

फटाकडी, पाणकोंबडी आणि तपस्वी हे पक्षी पाणगवताच्या आडोशाने राहतात आणि क्वचितच उघड्यावर येतात. फटाकडीचे शरीर दोन्ही बाजूंनी चपटे असल्यामुळे ती दाट देठांमधून गवत न हलवता सरकते, तर तपस्वी चोच आकाशाकडे रोखून इतका निश्चल उभा राहतो की त्याचे मराठी नाव सार्थ वाटावे. म्हणून त्यांची गणना डोळ्यांपेक्षा कानांनीच करावी लागते.

सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून नंतरच्या दोन तासांपर्यंतचा काळ ऐकण्यास उत्तम. मात्र समुद्राचे पाणी शिरणाऱ्या दलदलीत भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. उधाणाच्या पाण्यात गवत बुडते आणि पक्षी जागा बदलतात. पूर्ण ओहोटीला कॅनू चिखलात रुतते. वेगवेगळ्या फेऱ्या भरतीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर केल्या, तर आकड्यांतील फरक पक्ष्यांचा की पाण्याचा हे सांगता येत नाही. सुदैवाने एका पक्षानंतर, म्हणजे साधारण 15 दिवसांनी, भरती जवळपास त्याच घटकेला येते. त्यामुळे विणीच्या हंगामातील तीन फेऱ्या याच अंतराने आखाव्यात. मला चढत्या भरतीचा मध्य सोयीचा वाटतो, कारण कॅनू रुतली तरी थोड्या वेळाने पाणीच तिला उचलते.

थांबे एकमेकांपासून 400 मीटरवर ठरवून जीपीएसवर नोंदवावेत. उत्तर अमेरिकेतील प्रमाणित पद्धतीनुसार प्रत्येक थांब्यावर आधी पाच मिनिटे केवळ ऐकावे आणि मग पक्ष्याने उत्तर द्यावे म्हणून प्रत्येक जातीसाठी 30 सेकंद ध्वनिमुद्रित साद व 30 सेकंद शांतता ठेवावी. लहान, बुजऱ्या जातींची साद आधी वाजवावी, कारण मोठ्या पक्ष्याच्या आवाजाने त्या गप्प होऊ शकतात. स्पीकरपासून एक मीटरवर आवाज 80 ते 90 डेसिबल असावा. ठरलेल्या 30 सेकंदांहून अधिक वेळ साद वाजवून पक्ष्यांना छळू नये आणि आवश्यक परवानगी आधीच घ्यावी.

खरी कसोटी होडी स्थिर ठेवण्याची असते. सेकंदाला अर्धा मीटर इतक्या संथ प्रवाहातही ती 10 मिनिटांत 300 मीटर वाहून जाते, म्हणजे थांबा थांबा उरतच नाही. यासाठी मागे बसलेल्याने लांब काठी चिखलात रोवून होडी धरावी आणि पुढच्याने फक्त ऐकावे व लिहावे. वल्हे कॅनूच्या काठावर आपटू नये. त्यावरून ठिबकणारे पाणीसुद्धा दूरची क्षीण हाक झाकते, म्हणून ते ओल्या फडक्यावर आडवे ठेवावे. लाइफ जॅकेटविना निघू नये.

प्रत्येक पक्ष्याची स्वतंत्र ओळ करून तो कोणत्या मिनिटाला बोलला, कोणत्या दिशेने आणि अंदाजे किती अंतरावरून, हे लिहावे. पहाटेच्या गार, स्थिर हवेत आवाज पाण्यावरून दूरवर येतो आणि पक्षी आहे त्यापेक्षा जवळ भासतो. तेव्हा अंतराचा सराव आधी मोजलेल्या खुणांवर करावा. वाऱ्याचा वेग ताशी 20 किलोमीटरच्या वर गेला किंवा संततधार लागली, तर फेरी रद्द करावी. एकही हाक न आलेल्या थांब्यासमोर शून्य लिहावे, जागा कोरी सोडू नये.