विणून झालेल्या वस्तूला वाफ कशी द्यायची

शेवटचा टाका बंद केला, धागा आत ओवून टाकला की काम झालं असं बरेच जण धरून चालतात, आणि मग रुमालाच्या कडा गुंडाळतात, चौकोन तिरके दिसतात, जाळी मिटलेली राहते आणि बोल लागतो हाताला. प्लीज असं करू नका. एवढे तास घालून विणलंय तर वाफेसाठी, म्हणजे वस्तू टाचण्यांनी ताणून बसवून इस्त्रीच्या वाफेने तिला आकार देण्यासाठी, अजून अर्धा तास द्याच, वस्तू खरंच उठून दिसते.

सगळ्यात आधी धागा कसला आहे ते बघा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आपल्याकडे दुकानात लोकर म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा ॲक्रिलिकच असतं. लेबल हरवलं असेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा. खरी लोकर असेल तर केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते, कॉटन असेल तर कागद जळल्याचा वास येतो, आणि ॲक्रिलिक वितळून त्याची काळी कडक गोळी होते (गार होईपर्यंत हात लावू नका).

आता जागा. गादीवर किंवा जमिनीवर जाड टॉवेल दुमडून टाका आणि त्यावर चौकड्यांची सुती चादर अंथरा, म्हणजे सरळ रेघा आयत्या मिळतात आणि मोजपट्टी सारखी लावावी लागत नाही. टाचण्या न गंजणाऱ्या स्टीलच्याच घ्या, गंजाचा डाग नंतर निघत नाही, आणि प्लास्टिकच्या डोक्याच्या तर नकोतच, वाफेने वितळतात.

वस्तू उलटी बाजू वर करून पसरा, आधी चार कोपरे टाचा, मग प्रत्येक बाजूचा मध्य, मग मधल्या जागा भरत जा. दोन टाचण्यांमध्ये अंतर जास्त राहिलं तर कड लाटांसारखी दिसते. गोल रुमालाला समोरासमोरच्या पाकळ्या टाचायच्या. गोधडीसाठी क्रोशाचे चौकोन केले असतील तर सगळे एकाच मापाला ताणा, समजा १० बाय १० सेंमी, मग जोडताना ओढाताण होत नाही.

आता इस्त्री. ती कापडाला टेकवायची नाही, अजिबात नाही! वर दोनतीन सेंमी अधांतरी धरायची, वाफ सोडायची आणि हळूहळू पुढे सरकायचं. काम वाफ करते, वजन नाही. दाबलं की उठावाचे टाके, वेण्या, पॉपकॉर्न (फुगीर गोळ्यांसारखे टाके) सगळं चपटं होतं. वाफेची इस्त्री नसेल तर ओला पिळलेला पंचा वस्तूवर पसरा आणि साधी तापलेली इस्त्री त्याच्या अगदी जवळ धरा, तेवढी वाफ पुरते. इस्त्रीत फिल्टरचं पाणी घाला, बोअरच्या पाण्याने आत क्षार साठतात आणि मग पांढऱ्या रुमालावर नेमका पिवळट थेंब पडतो.

खऱ्या लोकरीला वाफ मानवते, तंतू ओलसर आणि गरम झाले की सैलावतात आणि वाळताना नवा आकार धरतात. कॉटनला थोडी जास्त वाफ लागते, आणि क्रोशाचा रुमाल ताठ हवा असेल तर वाफेआधी पातळ खळ लावा. ॲक्रिलिकला मात्र फार जपून, एका जागी दोनतीन सेकंद, बस. कारण तो प्लास्टिकचाच धागा आहे, जास्त तापला की कायमचा ढिला आणि चकचकीत होतो आणि परत पहिल्यासारखा होत नाही. शाल किंवा स्टोल मऊ, लोंबता हवा म्हणून काही जणी मुद्दाम जास्त वाफ देतात, ते ठीक, पण बाळाच्या टोपड्याला किंवा स्वेटरला नको. म्हणून आधी त्याच धाग्याच्या छोट्या नमुन्यावर करून बघाच.

आणि स्वेटरचा गळा, मनगट, खालची पट्टी, म्हणजे जिथे सुलट-उलट टाक्यांची रिब असते, ते वाफेतून वगळा. तिथला ताणच तर हवा असतो, तो गेला की बाह्या ढगळ होतात.

वाफ दिल्यावर लगेच टाचण्या काढायच्या नाहीत. पूर्ण गार आणि कोरडं होऊ द्या, पंख्याखाली एरवी काही तासांत होतं, पावसाळ्यात रात्रभर ठेवा. खरी लोकर आणि कॉटनला प्रत्येक धुण्यानंतर हे परत करावं लागतं, ॲक्रिलिकचा आकार बहुतेक तसाच टिकतो.