मॉडेलिंगचा पोर्टफोलिओ: आधी घरची भिंत, मग स्टुडिओ

नवख्यांचे पैसे सर्वांत जास्त बुडतात ते स्टुडिओत. दिवसभराचं शूट, थापलेला मेकअप, सहा ड्रेस, शे-दीडशे फोटो. आणि कास्टिंगवाले पहिल्यांदा मागतात ते साधे डिजिटल्स. म्हणजे मेकअप आणि एडिटिंगशिवायचे फोटो. जुनी मंडळी अजूनही त्यांना पोलरॉइड म्हणतात. सुरुवात तिथून करा, खर्च शून्य.

पांढरी किंवा फिकट राखाडी भिंत आणि जवळ मोठी खिडकी एवढं पुरतं. अंगावर थेट ऊन नको. घरातले दिवे बंद ठेवा, नाहीतर एक गाल निळसर आणि दुसरा पिवळट येतो. भिंतीला चिकटून उभं राहिलं की मागे सावली पडते, म्हणून तीन-चार फूट पुढे या. काळी जीन्स आणि अंगासरशी बसणारा साधा काळा टॉप किंवा टी-शर्ट घाला. लांब केस असतील तर एकदा मोकळे, एकदा मागे घट्ट बांधून.

फोन दुसऱ्याच्या हातात द्या. चेहऱ्यासाठी दीड-दोन मीटरवरून २एक्स झूम वापरा. फोन तोंडाजवळ आणला की नाक फुगतं आणि कान मागे दडतात. पूर्ण उंचीच्या फोटोला फोन कमरेच्या पातळीवर, अगदी सरळ. उभ्याउभ्या वरून खाली तिरका धरला तर चांगले लांब पायसुद्धा आखूड दिसतात. ही चूक जवळजवळ सगळे करतात.

आठ फोटो हवेत: चेहरा न हसता, चेहरा दात दिसतील असा हसून, डावी बाजू, उजवी बाजू, कमरेपर्यंत, आणि पूर्ण उंची समोरून, बाजूने, पाठीमागून. दागिन्यांची कामं हवी असतील तर दोन्ही हात, पालथे आणि उताणे, वेगळे काढून ठेवा.

मापं टेपने घ्या, आठवणीने नको. उंची अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून. कंबर सर्वांत बारीक जागी, नितंब सर्वांत भरलेल्या जागी, टेप आडवा आणि सैल न सोडता. दोन इंच वाढवून सांगितलेली उंची कॅटलॉगच्या शूटवर कपडे चढवताक्षणी उघडी पडते, आणि तिथे पुन्हा बोलावणं येत नाही.

आता स्टुडिओ. अंतिम पोर्टफोलिओत १२ ते १५ फोटो, चार-पाच लुक. पंधरावा फोटो निव्वळ भरतीचा वाटत असेल तर चौदाच ठेवा. पाहणारा तुमचा सर्वांत कमजोर फोटोच लक्षात ठेवतो. जोरदार क्लोजअप पहिला, त्याखालोखाल चांगला फोटो शेवटी. साधा घरगुती लुक, ऑफिसचा फॉर्मल, वेस्टर्न आणि पारंपरिक हे चार तरी हवेतच. काठपदराच्या साडीला कमी लेखू नका: पाडव्या-दसऱ्याच्या जाहिराती तिच्यावरच चालतात. ब्लाउज मापाचा शिवलेला हवा, उसना नको. काखेतली चुणी एडिटिंगमध्ये नीट जात नाही. जरीवर समोरून फ्लॅश मारला की काठ पांढराफटक पडतो, म्हणून सॉफ्टबॉक्स, म्हणजे कापडी पडद्याआडचा मऊ प्रकाश देणारा दिवा, बाजूने तिरका लावून घ्या.

रिटचिंगचा नियम सोपा: आठवड्यात जाणारी गोष्ट काढा, कायमची ठेवा. पुटकुळी जाईल; तीळ, व्रण आणि कातडीचा रंग राहील.

फोटोग्राफरशी आधीच लेखी ठरवा: किती लुक, एडिट केलेले किती फोटो, किती दिवसांत, कुठे वापरायचे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंची मालकी, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याची असते. टीएफपीत, म्हणजे दोघांनीही फुकट केलेल्या शूटमध्ये, हे गृहीत धरू नका. तिथे तर कागद हवाच. ‘आमच्याच फोटोग्राफरकडून करा, मगच नोंदणी’ म्हणणाऱ्या एजन्सीला रामराम ठोका. खरी एजन्सी मिळालेल्या कामातून कमिशन घेते.

कॉम्प कार्ड, म्हणजे फोटो आणि मापं छापलेलं मॉडेलचं व्हिजिटिंग कार्ड, साडेपाच बाय साडेआठ इंचांचं, ३०० डीपीआय (छपाईत दर इंचाला ३०० ठिपके). पुढे एक चेहरा आणि नाव, मागे तीन-चार वेगळे फोटो, मापं आणि संपर्क. घरचा पत्ता छापू नका. शंभर छापण्याआधी एक प्रत हातात घेऊन पाहा. स्क्रीनवरचा भडक लाल छपाईत हमखास मंद होतो.

पाठवायची पीडीएफ १० एमबीच्या आत. व्हॉट्सॲपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जाऊन चेहऱ्यावरचा बारकावा जातो. फाइलच्या नावात तुमचं नाव, उंची आणि शूटचा महिना-वर्ष. केस कापले, दाढी राखली किंवा वजन तीन-चार किलो हललं, तर स्टुडिओ थांबू शकतो. डिजिटल्स मात्र त्याच आठवड्यात नवे काढा आणि जुनी फाइल फोनमधून उडवा, घाईत तीच पाठवली जाते.