घरी शिकणाऱ्या मुलांची कमी खर्चात लवकर पदवी: गोव्यातल्या पालकांनो, या चुका टाळा

घरीच शिकणारं मूल तेरा-चौदा वर्षांचं झालं की घरात एकच विषय सुरू होतो: आता पदवीचं कसं? मूल दोन इयत्ता पुढचं वाचतंय, मग पदवीही लवकर का नको? इच्छा अगदी रास्त आहे. घोळ होतो तो आखणीत, कारण बरेच पालक सुरुवात करतात ती अमेरिकेतली माहिती वाचून.

तिकडे बारावी संपायच्या आतच मुलं कम्युनिटी कॉलेजचे विषय घेतात, 'क्लेप' नावाच्या परीक्षा देऊन क्रेडिट, म्हणजे पदवीत धरले जाणारे श्रेयांक, जमवतात आणि पदवीचं एखादं वर्ष वाचवतात. आपल्याकडे ती सोय नाही. गोवा विद्यापीठ असो की दूरशिक्षण देणारं इग्नू हे मुक्त विद्यापीठ, बारावी किंवा तिच्या समकक्ष प्रमाणपत्राशिवाय पदवीचं दार उघडत नाही. म्हणून हिशेब उलटा मांडायचा: बारावीचं प्रमाणपत्र लवकरात लवकर कधी हातात पडेल?

चौदाव्या वर्षी दहावी, पंधराव्या वर्षी बारावी

सर्वात महाग पडणारा गैरसमज हाच. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात, म्हणजे एनआयओएसमध्ये, दहावीला किमान वय १४ आणि बारावीला १५ आहे. पालक तेवढंच वाचतात. पण दहावी झाल्यावर दोन वर्षांचं अंतर पडल्याशिवाय बारावीचं पूर्ण प्रमाणपत्र मिळत नाही. त्याआधी परीक्षेला बसायचंच तर जास्तीत जास्त चार विषय देता येतात, पाचवा नंतर. म्हणजे सगळं सुरळीत गेलं तर सोळाव्या वर्षी बारावी. इग्नूला वयाची अट नाही, त्यामुळे तिथे तीन वर्षांची पदवी एकोणिसाव्या वर्षी होऊ शकते. शाळेतल्या मुलांपेक्षा वर्ष-दोन वर्षं आधी. याहून मोठं आश्वासन कुणी देत असेल तर त्याच्याकडून नियम लेखी मागा.

या दोन वर्षांच्या अटीचा फायदाही करून घेता येतो. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा असतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. नोंदणी पाच वर्षं चालते. मग पाचही पेपर एकदम कशाला? दोन-दोन विषय नीट तयार करून द्या, गुण चांगले पडतात. स्वाध्यायांना, म्हणजे टीएमएला, २० टक्के वजन आहे. ते शेवटच्या आठवड्यात उरकू नका.

विषय निवडताना 'सोपे घेऊ, आधी पास होऊ दे' हा सल्ला ऐकू नका. गणित किंवा विज्ञान सोडून बारावी केली आणि नंतर मुलीला बीएस्सी करायचं मनात आलं, तर ते विषय पुन्हा द्यावे लागतात आणि वाचवलेलं वर्ष हातचं जातं. विज्ञानाला प्रात्यक्षिकंही असतात. काणकोण किंवा पेडण्याहून रोजची ये-जा जमेल असं अभ्यासकेंद्र आधी शोधा, मग अर्ज भरा.

कागदपत्रं नंतर बघू

नंतर बघितलं की वर्ष जातं. गोव्यात तर जास्तच. जन्मदाखल्यावर आडनावाचं रोमन स्पेलिंग जुन्या पोर्तुगीज वळणाचं, आधारवर आजच्या वळणाचं, आईच्या कागदांवर तिसरंच. शाळेतल्या मुलाचं हे पहिलीच्या प्रवेशाला किंवा दहावीच्या फॉर्मला तरी कुणाच्या नजरेस येतं. घरच्या मुलाचं कुणीच तपासलेलं नसतं. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव छापलं जाईल तेच पुढे पदवीवर चालणार, म्हणून एनआयओएसची नोंदणी करण्याआधी पंचायत किंवा पालिकेतला दाखला आणि आधार एकसारखे करून घ्या.

दुसरं, पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला. मामलेदार कार्यालयात अर्ज करताना बाकीची मुलं पुरावा म्हणून शाळेचे दाखले जोडतात. आपल्या मुलाकडे ते नसणार. लसीकरणाचं कार्ड, रेशनकार्ड, वीजबिलं, भाडेकरार असं जे काही वर्षागणिक साठेल ते आजपासून एका फाइलीत ठेवा.

प्रमाणपत्रं जमली म्हणजे क्रेडिट जमले

'स्वयम' या सरकारी ऑनलाइन मंचावरचे अभ्यासक्रम शिकायला मोफत आहेत, ही फार मोठी सोय आहे आणि घरी शिकणाऱ्या मुलांनी ती जरूर वापरावी. पण प्रवेशाआधी केलेले अभ्यासक्रम पदवीत आपोआप धरले जात नाहीत. ज्या विद्यापीठात नाव आहे त्याने तो विषय मान्य करावा लागतो. तोवर परीक्षेच्या शुल्कावर पैसे घालू नका, शिकून ठेवा. आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बीएसची पात्रता परीक्षा मात्र अकरावीची परीक्षा दिलेल्या मुलांनाही देता येते आणि बारावी होताच प्रवेश घेता येतो. गणिताची आवड असेल तर ही वाट आधी बघा. शुल्क इग्नूपेक्षा बरंच जास्त, पण उत्पन्नानुसार सवलत मिळते.

खर्चाचा अंदाज बांधताना नुसतं प्रवेशशुल्क धरू नका. एनआयओएस आणि इग्नू दोन्हीकडे परीक्षेचं शुल्क विषयागणिक वेगळं भरावं लागतं. इग्नूत छापील पुस्तकं नकोत असं कळवलं तर शुल्कात सूट असते आणि तीच पुस्तकं इग्नूच्या 'ई-ज्ञानकोश' या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. परदेशी स्वस्त ऑनलाइन पदवीचा मोह झाला तर आधी भारतात तिची समकक्षता मिळेल का ते तपासा, नाहीतर एमएच्या प्रवेशाला आणि सरकारी नोकरीला अडतं.

इग्नूचं प्रादेशिक केंद्र पर्वरीला आहे. प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत होतात आणि दूरशिक्षणासाठी आता डीईबी-आयडी, म्हणजे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा विद्यार्थी-क्रमांक, लागतो. तो काढताना पुन्हा आधारवरचंच नाव जुळावं लागतं.