रॉड उचलण्याआधी तो सोडायला शिका

जिमच्या पहिल्या दिवशी स्क्वॉट कसा मारायचा हे कुणीतरी दाखवतंच. पण खाली बसल्यावर उठताच आलं नाही तर खांद्यावरच्या रॉडचं काय करायचं, हे सहसा कुणी सांगत नाही. वजन वाढवायचं ठरवलं असेल तर कधीतरी एखादा रेप (व्यायामाची एक पूर्ण हालचाल) अडकणारच. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी रॉड ओळखा

वेटलिफ्टिंग स्पर्धेतला पुरुषांचा रॉड २० किलोचा, २.२ मीटर लांब आणि पकडीच्या जागी २८ मिलिमीटर जाड असतो. महिलांचा १५ किलोचा आणि २५ मिलिमीटर जाड. गल्लीतल्या जिममध्ये मात्र पाच, सहा आणि सात फुटी रॉड एकाच स्टँडवर नांदत असतात आणि कुणाचं वजन किती हे ट्रेनरलाही नक्की ठाऊक नसतं. वजनकाट्यावर आधी नुसते उभे राहा, मग रॉड घेऊन उभे राहा. फरक वहीत लिहून ठेवा. हे केलं नाही तर आज ४० किलो आणि परवा नकळत ४८ किलो मारून 'आज ताकद कुठे गेली' म्हणत बसाल.

रॉड स्टँडवर असताना एका बाजूच्या सगळ्या प्लेटा आधी काढू नका. दुसरी बाजू खाली जाते आणि रिकामं टोक सणकन वर येतं, बहुधा तोंडाच्या उंचीवर. हुक जितके जवळजवळ आणि रॉड जितका हलका, तितकं हे लवकर होतं. एक प्लेट इकडची, एक तिकडची, असंच चढवायचं आणि असंच उतरवायचं. स्क्वॉटला, डेडलिफ्टला (जमिनीवरून रॉड उचलणं) आणि खांद्याच्या प्रेसला (रॉड डोक्यावर ढकलणं) दोन्ही टोकांना लॉक, म्हणजे प्लेटा घसरू न देणाऱ्या क्लिपा, लावा. एकच अपवाद आहे, तो बेंचपाशी येईल.

स्क्वॉट: स्टँडची उंची आणि पिना

स्टँडवरचा रॉड छातीच्या मध्यावर यायला हवा. त्याखाली शिरताना गुडघे थोडे वाकले पाहिजेत. टाचा उचलून रॉड काढावा लागत असेल, तर शेवटच्या रेपनंतर दमलेल्या अवस्थेत तो परत हुकावर चढवता येणार नाही. सेफ्टी पिना, म्हणजे अडकलेला रॉड झेलणारे स्टँडचे आडवे दांडे, तुमच्या सर्वांत खालच्या स्थितीपेक्षा तीन ते पाच सेंटिमीटर खाली लावा. रिकामा रॉड घेऊन पूर्ण खाली बसा आणि अंतर प्रत्यक्ष बघा, अंदाजाने लावू नका.

आता अडकण्याचा सराव, तोही रिकाम्या रॉडवर. खाली बसा, छाती वर ठेवा, आणखी थोडं खाली जा, रॉड पिनांवर टेकू द्या आणि पुढे सरकून बाहेर या. चार-पाच वेळा करा. अडकल्यावर माणूस घाबरून पुढे झुकतो आणि रॉड मानेकडे सरकतो, ती सवय लागण्याआधीच मोडायची आहे. पिना नसलेल्या स्टँडवर आणखी दोन रेपची ताकद शिल्लक असतानाच सेट (सलग रेपांची एक फेरी) थांबवा. रॉड पाठीमागे टाकून देणं हे रबरी प्लेटा आणि योग्य फरशी असलेल्यांचं काम आहे. लोखंडी प्लेटा आणि टाइल्स असतील तर तो विचारही नको.

प्रत्यक्ष स्क्वॉटमध्ये रॉड मानेच्या हाडावर ठेवायचा नाही. त्याखाली खांद्यांचा जो मांसल भाग आहे, तिथे ठेवायचा. स्टँडपासून दोनच पावलं मागे या. पाय खांद्याएवढे रुंद, चवडे १५ ते ३० अंश बाहेर. गुडघे चवड्यांच्या दिशेनेच जायला हवेत. मांडीचा सांधा गुडघ्याच्या वरच्या टोकापेक्षा किंचित खाली गेला की रेप पूर्ण. उठताना कंबर आधी वर आणि छाती मागाहून आली, तर वजन जास्त आहे.

आपल्याकडे बैठका टाचा उचलून मारायची जुनी पद्धत आहे. ती सवय रॉडखाली आणू नका. भार चवड्यावर जातो आणि तोल पुढे जातो. घोटे पुरेसे मोकळे आहेत का हे बघायला टाचा न उचलता उकिडवे बसा. मागे पडत असाल तर पाय जरा रुंद करून बघा, आणि तोवर दोन्ही टाचांखाली सारख्या उंचीची पातळ पक्की फळी घ्या. धावण्याचे मऊ बूट इथे नकोत, सपाट कडक तळाचे कॅनव्हास बूट चालतात.

बेंच प्रेस

बेंचवर उताणं झोपून रॉड छातीपासून वर ढकलायचा, तो हा व्यायाम. जिममध्ये एकट्याने करायचा सर्वांत धोक्याचा व्यायाम हाच, कारण रॉड थेट गळ्यावर आणि छातीवर असतो. अंगठा रॉडभोवती गुंडाळलेलाच हवा. अंगठा बाहेर ठेवून पकडणारे पुष्कळ दिसतील, त्यांचं अनुकरण करू नका. रॉड घसरला तर अडवायला दुसरं काहीच नसतं. मनगट सरळ ठेवा, रॉड तळहाताच्या बुडाशी.

झोपल्यावर डोळे रॉडच्या बरोबर खाली यावेत. खांद्याची पाती मागे आणि खाली ओढा, पावलं जमिनीवर घट्ट. रॉड छातीच्या खालच्या भागावर टेकवा, गळ्याकडे नाही. कोपरं धडापासून साधारण ४५ ते ७० अंशांवर. ती पूर्ण काटकोनात फाकवली की खांद्याचा सांधा दुखू लागतो. रॉड परत ठेवताना आधी कोपरं पूर्ण सरळ करा आणि मगच मागे हुकाकडे न्या. अर्धवट वाकलेल्या कोपरांनी हुक शोधताना बरेच रॉड हुकतात.

पिनांचा स्टँड असेल तर बेंच त्यात ओढा. छाती फुगवलेली असताना रॉड पिनांना लागू नये, आणि छाती सोडली की वजन गळ्यापर्यंत न जाता पिनांवर थांबावं, अशी उंची ठेवा. पिना नाहीत, सपोर्टलाही कुणी नाही, अशा वेळी लॉक लावू नका. अडकलात तर आजूबाजूला कुणी नाही हे बघून रॉड एका बाजूला कलवा. तिकडच्या प्लेटा घसरतील आणि लगेच दुसरी बाजू जोरात खाली जाईल, त्यामुळे पकड सोडू नका. वजन हलकं असेल तर रॉड पोटावरून मांड्यांपर्यंत लोळवून उठून बसता येतं. दोन्ही प्रकार क्लेशदायकच, एकटे असताना शेवटच्या रेपचा हट्ट न धरणं त्याहून सोपं.

सपोर्ट देणाऱ्याला आधी दोन गोष्टी सांगा: किती रेप मारणार आणि हात कधी लावायचा. रॉड थांबला किंवा खाली जाऊ लागला की लावायचा, त्याआधी नाही. पहिल्या रेपपासून 'मार, मार, मी आहे' म्हणत रॉड ओढणारा मित्र प्रेमळ असतो, पण त्यात तुमचं वजन किती आणि त्याचं किती हे कधीच कळत नाही.

डेडलिफ्ट

सुटायला हा सर्वांत सोपा, हात सोडले की झालं. बिघडतो तो सुरुवातीच्या उंचीमुळे. मोठ्या प्लेटेचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, म्हणजे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटर वर राहतो. नवख्या माणसाच्या रॉडला पाच-दहा किलोच्या छोट्या लोखंडी प्लेटा असतात. रॉड बराच खाली जातो आणि तो गाठायला पाठीला बाक येतो. दोन्ही बाजूंना सपाट प्लेटांची सारखी थप्पी लावून त्यावर रॉड ठेवा.

रॉड पावलाच्या मध्यावर, म्हणजे नडगीपासून दोन-अडीच सेंटिमीटर दूर. हात पायांच्या बाहेर. रॉड न हलवता गुडघे वाका, नडगी त्याला टेकली की छाती वर करून पाठ सरळ करा. मग हात ताणून रॉडची ढिलाई काढा. प्लेटांच्या भोकात रॉड 'टक्' करून बसेल, तेव्हाच जमीन पायांनी दाबा. झटका देऊन उचलू नका. रॉड पायांना घासतच वर यावा. वर गेल्यावर मागे झुकू नका. उतरवताना आधी कंबर मागे न्या, रॉड गुडघ्याखाली गेल्यावर गुडघे वाका. दोन्ही तळवे मागच्या बाजूला ठेवूनच पकडा. एक हात उलटा करायची घाई नको, त्या हाताचं कोपर वाकलं तर बायसेप्सच्या स्नायुबंधावर भलताच ताण येतो.

श्वास आणि दुखणं

प्रत्येक रेपआधी पोटात श्वास भरा आणि कुणी पोटात बुक्की मारणार असल्यासारखं पोट घट्ट करा. अवघड टप्पा पार झाला की श्वास सोडा. रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, कारण श्वास रोखला की रक्तदाब त्या क्षणी बराच चढतो.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू ठणकणं नेहमीचंच. तीव्र कळ, सांध्यात दुखणं, कंबरेतून पायात उतरणारी वेदना किंवा मुंग्या आल्या तर थांबा आणि दाखवून घ्या. पहिल्याच आठवड्यात अतिरेक केल्यावर अंग प्रचंड सुजलं, लघवी गडद तपकिरी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू मोडून त्यातले घटक रक्तात उतरल्याची ती खूण असते आणि त्याने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

किती आणि कसं वाढवायचं

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस सुट्टी. स्क्वॉट आणि बेंच रिकाम्या रॉडपासून, पाच रेपचे तीन सेट. डेडलिफ्टला पाचचा एकच सेट पुरे. सगळे रेप स्वच्छ झाले तर पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा. ५० किलोचा स्क्वॉट असेल तर आधी २० किलोवर पाचचे दोन सेट, ३० वर पाच, ४० वर तीन, आणि मग ५०. जड सेटनंतर तीन मिनिटं बसा. बेल्ट आणि गुडघ्याच्या पट्ट्या पहिले काही महिने नकोतच.

बऱ्याच जिममध्ये सर्वांत छोटी प्लेट अडीच किलोची असते, म्हणजे एकदम पाच किलोची उडी. स्क्वॉटला ती काही आठवडे चालते, बेंचला आणि खांद्याच्या प्रेसला लवकरच अडते. तेव्हा त्याच वजनावर पाचाचे आठ रेप होईपर्यंत थांबा आणि मग वाढवा. नाहीतर सव्वा किलोच्या प्लेटांची स्वतःची जोडी घेऊन बॅगेत ठेवा, फक्त भोकाचा व्यास तुमच्या जिमच्या रॉडला बसतो का ते घेण्याआधी मोजा.