‘निदान एकदा’ची गणितं आणि कप्पे पाडण्याची सवय

अकरावी-बारावीच्या मुलांना संभाव्यता शिकवताना एक गोष्ट वारंवार दिसते. बायसच्या प्रमेयापाशी (नवी माहिती मिळाल्यावर संभाव्यता कशी बदलते, ते सांगणारा नियम) जो रडकुंडीला येतो, तो खरं तर बराच आधी अडकलेला असतो. दोन घटना एकत्र घडू शकतात का, हे न बघताच तो बेरीज करून मोकळा होतो.

म्हणून नव्या बॅचला मी पहिलं गणित हे देतो: फासा चार वेळा टाकला, तर निदान एकदा सहा पडण्याची संभाव्यता किती? उत्तर फटकन येतं, चार वेळा १/६ म्हणजे ४/६. मग सहा वेळा टाकला तर? ६/६, म्हणजे सहा पडणारच! इथे ल्युडो खेळलेली मुलं हसायला लागतात.

‘पहिल्या फेकीत सहा’ आणि ‘तिसऱ्या फेकीत सहा’ हे एकाच डावात घडू शकतं. या घटना परस्परवर्जी, वर्गातल्या बोलीत म्युच्युअली एक्स्क्लूझिव्ह, नाहीत. त्यामुळे असे डाव बेरजेत दोनदा धरले जातात.

आता कप्पे वेगळे पाडा. पहिला सहा कितव्या फेकीत आला? पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, की आलाच नाही? प्रत्येक डाव यांपैकी एकाच कप्प्यात बसतो आणि एकही बाहेर उरत नाही. नमुना अवकाशाचं, म्हणजे शक्य त्या सगळ्या निकालांच्या संचाचं, विभाजन ते हेच. दुसऱ्या कप्प्यासाठी आधी सहा न येणं आणि मग येणं, म्हणजे ५/६ × १/६ = ५/३६; पुढचे कप्पेही तसेच. आता खुशाल बेरीज करा: १/६ + ५/३६ + २५/२१६ + १२५/१२९६ = ६७१/१२९६, म्हणजे सुमारे ०.५१८. उरलेल्या ‘आलाच नाही’ कप्प्यात ६२५/१२९६. ६७१ विरुद्ध ६२५ हे आकडे फ्रेंच गणिती पास्कलने १६५४ साली दुसरा गणिती फर्मा याला लिहिलेल्या पत्रातही आहेत.

परस्परवर्जी म्हणजे स्वतंत्र (एक घडल्याने दुसरीची संभाव्यता न बदलणाऱ्या), असं समजणारे तर दरवर्षी भेटतात. दोन फासे टाका. ‘बेरीज ७’ आणि ‘बेरीज ११’ एकत्र येणं अशक्य. एक घडली की दुसरीची संभाव्यता थेट शून्य. हे कसलं स्वातंत्र्य? उलट ‘बेरीज ७’ आणि ‘पहिल्या फाशावर ४’ एकत्र येतात १/३६ वेळा, आणि दोघींच्या संभाव्यतांचा गुणाकार, १/६ × १/६, सुद्धा तेवढाच. स्वतंत्र या दोघी.

पास्कलच्या त्याच पत्रात दोन फाशांची पैजही आहे: २४ फेकींत निदान एकदा दोन्हींवर सहा. सोडवून बघा, फक्त चोवीस कप्प्यांची बेरीज मांडत बसू नका. ‘एकदाही नाही’चा एकच कप्पा काढा आणि १ मधून वजा करा. उत्तर अर्ध्याच्या किंचित खाली यायला हवं.