फार्मासिस्ट परवाना परीक्षा : अभ्याससाहित्य निवडताना या चुका टाळा

फार्मासिस्टच्या परवाना परीक्षेसाठी पुस्तके जमवण्यापूर्वी, परीक्षा घेणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केलेला अभ्यासक्रम आणि त्यातील घटकनिहाय गुणभार छापून समोर ठेवावा. बरेच उमेदवार हे पाऊल वगळतात आणि मग एखाद्या उत्तीर्ण मित्राने सुचवलेले पुस्तक हाच त्यांचा अभ्यासक्रम ठरतो. पदवीची पाठ्यपुस्तके विषय सखोल समजावतात. परवाना परीक्षेत मात्र रुग्णाच्या हाती औषध सुरक्षितपणे देता येते का, हे पाहिले जाते. त्यामुळे मात्रा, औषधांच्या आंतरक्रिया, निषेध (औषध कधी देऊ नये) आणि गणिते यांवर पुस्तकात किती भर आहे, हे गुणभाराशी ताडून पाहिल्याशिवाय ते विकत घेऊ नये.

सर्वांत घातक चूक म्हणजे जुनी आवृत्ती वापरणे. औषधशास्त्राची मूलतत्त्वे फारशी बदलत नाहीत, पण उपचारांच्या शिफारशी बदलतात, आणि शिफारस बदलली की कालचे बरोबर उत्तर आज चूक ठरते. नवी आवृत्ती म्हणून विकले जाणारे पुस्तक खरोखर सुधारले आहे का, हे तीन ठिकाणी उघडून कळते. जागतिक दमा मार्गदर्शिकेने २०१९ पासून प्रौढ व किशोरवयीन रुग्णांसाठी केवळ साल्ब्युटामॉलसारख्या अल्पकालीन इनहेलरवर उपचार करण्याची शिफारस थांबवली. दम्याच्या प्रकरणात त्याचा मागमूस आहे का ते पाहावे. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध मूत्रपिंडाच्या विकारात कधी टाळावे, हे अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये क्रिएटिनिनऐवजी (रक्तातील टाकाऊ द्रव्य) मूत्रपिंडाच्या अंदाजित गाळणदरावर ठरवले आणि तो मिनिटाला ३० मिलिलीटरच्या खाली असल्यास औषध निषिद्ध मानले. त्याच नियामकाने एप्रिल २०२० मध्ये रॅनिटिडीन या आम्लपित्ताच्या औषधाची सर्व उत्पादने बाजारातून काढून घेण्यास सांगितले. आपली परीक्षा कोणत्या मार्गदर्शिकेवर आधारलेली आहे हे अर्थातच वेगळे तपासावे लागेल, परंतु ज्या लेखकाला या तिन्ही बदलांचा पत्ता नाही, त्याच्या इतर प्रकरणांवरही विसंबू नये.

प्रश्नसंच निवडताना प्रश्नांची संख्या पाहण्याची सवय सोडावी. उत्तर का बरोबर आहे आणि उरलेले पर्याय का चूक आहेत, हे न सांगणारा संच उमेदवाराला अंदाज बांधायला शिकवतो. गणितांच्या उत्तरसूचीत चुका असतातच, म्हणून काही उदाहरणे स्वतः सोडवून ती पारखावी. कॅल्शियम क्लोराइडचे १ मिलिइक्विव्हॅलंट (आयनांच्या विद्युतभारावर आधारलेले माप) म्हणजे किती मिलिग्रॅम, असा प्रश्न घ्या. रेणुभाराला संयुजेने भागले की उत्तर मिळते. डायहायड्रेट (पाण्याचे दोन रेणू असलेल्या) क्षाराचा रेणुभार १४७ आणि संयुजा २, म्हणून उत्तर ७३.५, निर्जल क्षाराचा रेणुभार १११, म्हणून उत्तर ५५.५. क्षार कोणता हे न सांगता एकच आकडा देणारा संच बाजूला ठेवणेच इष्ट.

दुसऱ्या देशातील परीक्षेसाठी लिहिलेले साहित्य वापरताना एकके काळजीपूर्वक वाचावीत. १ मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर क्रिएटिनिन म्हणजे सुमारे ८८.४ मायक्रोमोल प्रति लीटर. क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाच्या कार्याचा अंदाज देणाऱ्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रातील ७२ हा छेद फक्त पहिल्या एककासाठी आहे, आणि दुसरे एकक त्यात घातल्यास मूत्रपिंडाचे कार्य जवळजवळ बंद पडल्यासारखे उत्तर येते. औषधविषयक कायदा मात्र परक्या पुस्तकातून मुळीच वाचू नये.

एकाच विषयाची चार-पाच पुस्तके घेण्यापेक्षा एक मुख्य पुस्तक आणि एक चांगला प्रश्नसंच पुरे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगांत, मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तो आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिला होता. पुनःपुन्हा वाचायला लावणाऱ्या नोट्सवर पैसे घालवण्याआधी हे ध्यानात घ्यावे.

इतके करूनही सराव परीक्षेतील गुण अडकून राहिले, तर लगेच नवे पुस्तक शोधू नये. चुकलेले प्रश्न तीन गटांत विभागावेत : माहिती नव्हती, गणितात घसरलो, प्रश्न नीट वाचला नाही. पुस्तकाची उणीव फक्त पहिल्या गटातून कळते, आणि तीही चुका एकाच प्रकरणात साचल्या असतील तरच. उलट गुण अचानक वाढले, तर तेच प्रश्न पुन्हा सोडवल्यामुळे उत्तरे पाठ झाली आहेत का, हे तपासावे. त्यासाठी एक पूर्ण लांबीची सराव परीक्षा सुरुवातीपासून न उघडता राखून ठेवावी आणि शेवटच्या पंधरवड्यात घड्याळ लावून सोडवावी.