दुबईच्या शाखेत येणाऱ्या कर-लेखापालांसाठी

पुण्या-मुंबईच्या कार्यालयातून दुबईच्या शाखेत बदली झालेल्यांनी घर शोधण्याआधी निघण्याची तारीख नीट ठरवावी, असे मी आग्रहाने सांगेन. नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात 182 दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहिला, तर त्या वर्षापुरता तो अनिवासी ठरतो. म्हणून सप्टेंबरच्या मध्यावर निघणाऱ्याचा दुबईतला पगार भारतात करपात्र ठरत नाही, आणि ऑक्टोबरच्या मध्यावर निघणाऱ्याचा ठरतो. त्याच वर्षी दिवाळीला घरी गेल्यास तेही दिवस या हिशेबात धरले जातात, हे आपल्या व्यवसायातल्या माणसांच्याही लक्षातून निसटते. तारीख आठ-पंधरा दिवस अलीकडे आणता येत असेल, तर कंपनीला मोकळेपणाने विचारावे. भारतातील बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी व्यक्तीचे रुपयातील खाते, करून घेणेही विसरू नये.

पदवी आणि सीएच्या प्रमाणपत्राचे साक्षांकन भारतातच उरकावे. यूएईला अपोस्टिल, म्हणजे अनेक देशांत चालणारा साक्षांकनाचा एकच शिक्का, चालत नाही. राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि यूएईचा दूतावास या क्रमाने शिक्के घ्यावे लागतात, आणि इथे आल्यावर मागे राहिलेला एक शिक्का मिळवणे फार जिकिरीचे होते.

घराचे भाडे वार्षिक ठरते आणि पुढील तारखांच्या धनादेशांनी द्यावे लागते; धनादेश जितके कमी, तितकी घासाघीस करायला जागा अधिक. करारपत्राची एजारी नोंदणी, म्हणजे दुबईतील भाडेकरारांची सरकारी नोंदणी, झाल्याशिवाय वीज-पाण्याची जोडणी किंवा कुटुंबाचा व्हिसा पुढे सरकत नाही. वीज-पाण्याच्या देयकात वार्षिक भाड्याच्या 5 टक्के इतके गृहशुल्क बारा हप्त्यांत जोडलेले असते. म्हणजे 60,000 दिरहम भाड्याच्या घराला महिन्याला 250 दिरहम जास्त पडतात. घराचा खर्च ठरवताना ही रक्कम सुरुवातीलाच धरावी.

कामाविषयी थोडे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण भारतातला सराव इथे जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. इथे पगारावर आयकर नाही, त्यामुळे ज्या टीडीएसच्या, म्हणजे पैसे देतानाच कर कापून भरण्याच्या, कामात आपले निम्मे वर्ष जाते, ते कामच उरत नाही. 5 टक्के व्हॅट, म्हणजे वस्तू-सेवांच्या विक्रीवरील कर, 2018 पासून आहे आणि त्याचे विवरणपत्र करकालावधी संपल्यापासून 28 दिवसांत भरावे लागते. कंपनी कर मात्र 1 जून 2023 पासून किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांना लागू झाला: 3,75,000 दिरहमपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर शून्य, त्यावरील उत्पन्नावर 9 टक्के. बहुतेक कंपन्यांचे वर्ष डिसेंबरअखेर संपते आणि विवरणपत्राला नऊ महिने मिळतात, म्हणून इथली खरी धावपळ सप्टेंबरमध्ये असते. भारतातली रजा त्या महिन्यात ठरवू नये.

फ्री झोनमध्ये, म्हणजे व्यवसायांना खास सवलती असलेल्या क्षेत्रात, कंपनी आहे म्हणजे कर नाहीच, अशी समजूत अनेक मालकांच्या मनात अजून पक्की आहे. शून्य दर फक्त कायद्याने पात्र ठरवलेल्या उत्पन्नाला मिळतो, आणि त्यासाठी लेखापरीक्षित ताळेबंदही लागतो. नवीन ग्राहकाच्या पहिल्याच भेटीत उत्पन्न कुणाकडून आणि कशाबद्दल येते हे विचारून लेखी नोंदवून घ्यावे, आणि तोपर्यंत कराचा आकडा तोंडी सांगू नये.